पाण्यातले प्रश्न : शंभर मीटरलाच धाप का लागते?

प्रश्न : ताई, वय ३८, राहणार राजारामपुरी. सायकल आणि पळणं दोन्ही नियमित आहे. रविवारी राधानगरीपर्यंत सायकलनं जाऊन येतो, हाफ मॅरेथॉन दोन तासांच्या आत पळतो. आता गोव्याची आयर्नमॅन ७०.३ करायचं मनात आहे, म्हणजे १९०० मीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१ किलोमीटर पळणं एकापाठोपाठ असलेली ट्रायथलॉन. पण पोहताना शंभर मीटर झाले की छाती भरून येते आणि काठ धरावा लागतो. मित्र म्हणतात, दम वाढव. तो कसा वाढवू?

उत्तर : २१ किलोमीटर दोन तासांच्या आत पळणाऱ्या माणसाच्या काळजाला आणि फुफ्फुसांना माझ्याकडून काही शिकायचं नाही. दम तुमच्याकडं आहे. पाण्यात तो वाया जातोय, आणि हे मला पत्रावरूनही सांगता येतं, कारण तलावाच्या काठावर उभं राहून माणसं बघताना सायकलवाल्यांचं आणि पळणाऱ्यांचं हेच होताना दिसतं.

पहिली गोष्ट श्वासाची. घ्यायच्या नव्हे, सोडायच्या. तोंड पाण्यात गेलं की तुम्ही श्वास कोंडून धरत असणार. मग मान वळवली की तेवढ्या अर्ध्या-पाऊण सेकंदात आधी सोडायचा आणि मग घ्यायचा, अशी दोन कामं एकदम करायला जाता. जुनी हवा पुरती बाहेर पडत नाही, नवी पुरती आत येत नाही. आठ-दहा श्वास असे अर्धवट झाले की छाती भरून येते. ती घुसमट प्राणवायू संपल्याची नसते, कार्बन डायऑक्साइड साठल्याची असते. म्हणून तोंड पाण्यात शिरताक्षणी नाका-तोंडातून बुडबुडे सुरू झाले पाहिजेत. सावकाश, एकसारखे, आणि मान वळण्याच्या जरा आधी उरलेली हवा जोरात फुंकून टाकायची. तोंड बाहेर आल्यावर काम एकच उरतं, घ्यायचं.

याचा सराव पोहत करू नका. छातीभर पाण्यात उभे राहा, काठावर कुणाला तरी लक्ष ठेवायला सांगा. तोंडानं श्वास घ्या, गुडघे वाकवून खाली जा, सगळा श्वास पाण्यात सोडा, वर या, लगेच घ्या, पुन्हा खाली. वीस वेळा, घाई न करता. खाली गेल्यावर अंग वर उचललं जात असेल तर हवा अजून शिल्लक आहे असं समजा. हे फार साधं वाटतं, म्हणून कुणी करत नाही. तुम्ही रोज करा.

दुसरी गोष्ट अंगाची. समोर बघण्यासाठी डोकं वर धरलं की कंबर आणि पाय खाली जातात, मग अख्खं अंग तिरपं होऊन पाणी ढकलत पुढं सरकतं. पाणी हवेपेक्षा जवळपास ८०० पट घट्ट आहे, आणि वेग दुप्पट केला तर त्याचा विरोध साधारण चौपट होतो. उजळाईवाडीच्या माळावर समोरून वारा आला की तुम्ही हँडलवर वाकता, नुसतं पायडल जोरात मारत नाही. पाण्यातही आधी आडवं व्हायचं, ताकद नंतर. नजर तळाकडं, किंचित पुढं. मान सैल. छाती जराशी पाण्यात दाबा, कंबर आपोआप वर येते. श्वास घेताना डोकं उचलायचं नाही. खांद्याबरोबर अंग कुशीवर वळतं तेव्हा त्याच्याबरोबरच तोंड वळवायचं. एक डोळा पाण्यात, एक बाहेर.

हातानं पाणी खाली दाबू नका. दाबलं की डोकं वर येतं आणि पुन्हा पाय बुडतात. हात खांद्याच्या रेषेत समोर जाऊ दे, नाकासमोरची मधली रेघ ओलांडू नये. मग बोटं तळाकडं वळवा, कोपर वर ठेवा आणि तळव्यापासून कोपरापर्यंतच्या सगळ्या हातानं पाणी मागं ढकला. हे नीट जमायला महिने लागतात. घाबरू नका, श्वास आणि अंग सुधारलं की निम्मं काम झालेलं असतं.

राहिले पाय. सायकल आणि पळणं करणाऱ्यांचे घोटे कडक असतात. पाऊल काटकोनात राहतं आणि ब्रेकसारखं पाणी अडवतं. त्यातच तुम्ही गुडघ्यातून जोरात पाय मारत असणार. मांडीचे स्नायू शरीरातले सगळ्यांत मोठे, प्राणवायू तेच सगळ्यांत जास्त खातात. आणि पुढं त्याच मांड्यांनी ९० किलोमीटर सायकल आणि २१ किलोमीटर पळणं करायचं आहे. एका हाताला एकच हलकी लाथ, कमरेतून, एवढं पुरे. गुडघे दुखत नसतील तर रोज थोडा वेळ वज्रासनात बसा, पाऊल मागं सरळ व्हायला लागेल.

आता मुद्द्याचं. पहिला महिना शंभर मीटर सलग पोहायचंच नाही. २५ मीटर पोहा, थांबा, श्वास जाग्यावर आला की पुन्हा २५. असं सोळा वेळा. इतकं सावकाश की शेजारच्या लेनमधली शाळेची पोरं पुढं निघून जातील. जाऊ देत. २५ मीटरला किती हात लागतात ते मोजा आणि वहीत लिहा. आठवड्यागणिक आकडा थोडा उतरला पाहिजे, पण त्यासाठी हात पुढं ताणून नुसतं सरकत थांबू नका, त्यानं वेगच मरतो. २५ आरामात गेले की ५०, मग ७५. घुसमट परत आली की एक पायरी खाली. चारशे मीटर सलग जाईल त्या दिवशी तुम्हाला कळेल की १९०० मीटर हा आता फक्त वेळेचा प्रश्न आहे.


प्रश्न : शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला आहे, पाळ्या बदलतात. आठवड्यातून तीनच दिवस तलावावर येता येतं. ८०० मीटर सलग पोहतो, पण वर्षभर वेग तोच आहे. रोज येणाऱ्यांच्या तोडीचं होता येईल का?

उत्तर : तीन दिवस पुष्कळ आहेत, पण तीनही दिवस तेच ८०० मीटर त्याच चालीनं मारायचे नाहीत. शरीराला ती चाल पाठ झाली आहे.

आधी स्वतःचा वेग काढा. चांगलं अंग गरम करून ४०० मीटर जमेल तितक्या वेगानं, एकसारख्या चालीनं पोहा. वेळ लिहा. आठ-दहा मिनिटं हलकं पोहून विश्रांती घ्या आणि २०० मीटर तसंच. आता ४०० च्या वेळेतून २०० ची वेळ वजा करा आणि दोननं भागा. समजा ४०० ला १० मिनिटं ४० सेकंद लागले आणि २०० ला ५ मिनिटं. फरक ५ मिनिटं ४० सेकंद, त्याचा निम्मा २ मिनिटं ५० सेकंद. ही तुमची शंभर मीटरची चाल, जी तुम्हाला बराच वेळ टिकवता येईल अशी. १९०० मीटरला ती टिकली तर ५४ मिनिटांच्या आत बाहेर. ७०.३ ला पोहण्यासाठी १ तास १० मिनिटं मिळतात, म्हणजे शंभराला ३ मिनिटं ४० सेकंद लागले तरी माणूस वेळेत असतो. हा आकडा मी मुद्दाम सांगते, कारण बरेच जण शर्यत हातची जाईल या भीतीनंच पहिल्या दोनशे मीटरला जीव तोडून हात मारतात आणि तिथंच संपतात.

एक दिवस तंत्राचा: २५ आणि ५० चे तुकडे, एका हाताचा सराव, कुशीवर पोहणं, भरपूर विश्रांती. एक दिवस चालीचा: शंभर मीटर दहा वेळा, प्रत्येकी वर काढलेल्या चालीनं, मध्ये फक्त २० सेकंद. पहिला शंभर सोपा वाटला पाहिजे. दहावा पहिल्याइतक्याच वेळात आला तरच सराव नीट झाला. पहिला वेगात मारून शेवटचा वीस सेकंदांनी ढासळला तर पुढच्या वेळी सावकाश सुरू करा. तिसरा दिवस लांबचा: ४०० चे तीन-चार तुकडे, मग काही आठवड्यांनी ८०० चे दोन. अंतर हळूहळूच वाढवा, एका आठवड्यात दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको. दर सहा आठवड्यांनी पुन्हा ४०० आणि २०० मोजा.

रात्रपाळी करून भट्टीसमोरून थेट तलावावर येऊ नका. घामानं शरीरातलं पाणी आणि मीठ गेलेलं असतं, पोटरीत पेटका येतो. झोप काढा, पाणी प्या, संध्याकाळी या. आणि आला दिवस बुडाला तर तो भरून काढायला दुसऱ्या दिवशी दुप्पट पोहायचं नाही.

रोज येणाऱ्यांची बरोबरी कशाला करायची? तुमची वही तुमच्याशीच ताडून बघा.


प्रश्न : मी ४६ वर्षांची, इचलकरंजीची. लहानपणी माहेरच्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकले. खोल पाण्याची भीती नाही, पण तोंड पाण्यात घालवत नाही, मान वर ठेवूनच पोहते. मुलगी ट्रायथलॉन करते, तिच्याबरोबर ७५० मीटरच्या छोट्या शर्यतीत उतरायची इच्छा आहे. फ्रीस्टाइल आलंच पाहिजे का? आणि एवढ्या गर्दीत कसं पोहू?

उत्तर : तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. विहिरीत शिकलेल्या माणसाजवळ जे असतं ते पैसे देऊन शिकवता येत नाही. खालचा तळ दिसत नसताना शांत राहायचं, हे तुम्हाला केव्हापासून येतं.

नियम तुमच्या बाजूचा आहे. ट्रायथलॉनमध्ये कुठल्याही प्रकारानं पोहलेलं चालतं. ब्रेस्ट स्ट्रोक, उताणं, काहीही. थकलात तर पाण्यातला बोया (वाट दाखवणारा तरंगता फुगा) किंवा मदतीची होडी धरून विसावा घेता येतो, फक्त तिला धरून पुढं सरकायचं नाही. मदत हवी असेल तर एक हात वर करायचा.

तरीही तोंड पाण्यात घालायला शिका, नियमासाठी नव्हे, मानेसाठी. ७५० मीटर मान वर धरून पोहलात तर मान आणि कंबर दोन्ही आखडतील, आणि पुढं सायकलवर पुन्हा मान वरच ठेवायची आहे. चांगला बसणारा गॉगल घ्या. निम्म्या लोकांची भीती पाणी डोळ्यांत जाण्याचीच असते. पहिला आठवडा फक्त काठ धरून तोंड पाण्यात घालून बुडबुडे. मग तीन हात तोंड पाण्यात, तीन हात तुमच्या नेहमीच्या मानेनं. मग सहा आणि तीन. तुमचं मान वर काढणं पूर्ण सोडूही नका. उघड्या पाण्यात तळाला काळी रेघ नसते, दर आठ-दहा हातांनी डोळे मगरीसारखे पाण्याबाहेर काढून बोया कुठं आहे ते बघावंच लागतं. तलावात वाढलेल्यांना ते जमत नाही आणि ते वाकडेतिकडे पोहून अंतर वाढवून ठेवतात. तुम्हाला ते येतं.

गर्दीचं म्हणाल तर सगळ्यांत मागं किंवा बाजूला उभ्या राहा. शिट्टी झाली की लोकांना जाऊ द्या, दहा-वीस सेकंद थांबा, मग उतरा. एवढ्यानं काही बिघडत नाही. धडकी भरली तर लगेच उताण्या व्हा, कान पाण्यात, पोट वर, आणि श्वास लांब सोडा. दोन-तीन श्वासांत हात-पाय सैल पडतात. मग थोडं ब्रेस्ट स्ट्रोक, मग पुन्हा तोंड पाण्यात. हे उताणं होणं मुलीबरोबर मुद्दाम सराव करून ठेवा, अगदी तिनं शेजारून पाणी उडवलं तरी जमेल इतकं. सरावल्यावर तिच्या पावलांच्या मागं पोहा; पुढच्या माणसानं फोडलेल्या पाण्यात कमी कष्ट पडतात आणि पोहताना असं मागं राहायला मनाई नाही.

कपड्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण हा प्रश्न मनात असतो हे मला माहीत आहे. गुडघ्यापर्यंतचा, बाह्यांचा ट्रायथलॉन सूट मिळतो, तोच पोहायला, सायकलला आणि पळायला चालतो. बायकांच्या बॅचला तलावावर एकदा तो घालून या. पहिल्या दिवसानंतर कुणाचं लक्षही जात नाही.


प्रश्न : मी बारावीला आहे. वीरधवल खाडेच्या शर्यती बघून तसं पोहायचा प्रयत्न करतो. फुफ्फुसं मोठी व्हावीत म्हणून पाण्यात जाण्याआधी जोरजोरात वीस-पंचवीस श्वास घेतो आणि मग पाण्याखालून एक लेंथ मारतो. याचा ट्रायथलॉनला उपयोग होईल ना?

उत्तर : हे आजपासून बंद कर. हे पत्र मी घरी आईवडिलांना दाखवायला सांगते आहे.

जोरजोरात श्वास घेतल्यानं प्राणवायू फारसा वाढत नाही. रक्तातला कार्बन डायऑक्साइड मात्र खाली जातो. "आता वर जा, श्वास घे" ही हाक आपल्याला तोच देतो. हाक उशिरा येते, तोवर मेंदूला लागणारा प्राणवायू संपतो आणि माणूस पाण्याखालीच बेशुद्ध पडतो. आधी चक्कर नाही, घुसमट नाही, काही नाही. उत्तम पोहणारी तरुण मुलं अशी कमरेइतक्या पाण्यात गेली आहेत. एकटा असताना तर नाहीच, मित्र काठावर असतानाही नाही. मित्रांत कोणी पैज लावत असेल तर त्यांनाही हे वाचून दाखव.

वीरधवल आपल्या कोल्हापूरचा. २००८ ला बीजिंग ऑलिंपिकला गेला, २०१० ला ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य आणलं. त्याच्याकडून घेण्यासारखं खूप आहे: अंग किती आडवं आहे, हात पाण्यात शिरताना किती कमी पाणी उडतं ते बघ. पण ५० मीटरवाला श्वास मोजकेच घेतो आणि पाय पूर्ण ताकदीनं मारतो, कारण अर्ध्या मिनिटाच्या आत सगळं संपणार असतं. तुला पाऊण तास पोहायचं आहे. दर दोन किंवा तीन हातांना श्वास घे, पाय शांत ठेव. दोन्ही बाजूंनी श्वास घ्यायची सवय आत्ताच लावून घे. समुद्रात एका बाजूनं लाट किंवा ऊन आलं तर दुसरी बाजू उपयोगी पडते.


प्रश्न : गंगावेशीच्या तालमीत दहा वर्षं कुस्ती केली. आता ट्रायथलॉनकडं वळलोय. पोहायला लागल्यापासून उजवा खांदा पुढच्या बाजूनं दुखतो. हाताला पॅडल (तळव्याला बांधायच्या प्लास्टिकच्या चपट्या पट्ट्या) लावून ताकद वाढवतोय, तरी कमी नाही.

उत्तर : पॅडल आजच बाजूला ठेवा. ज्या हाताची चाल चुकते आहे त्याच्यावर आणखी भार पडतोय.

पैलवानाची छाती आणि पुढचे खांदे जोर मारून भरलेले असतात, त्या मानानं पाठीचे, फऱ्याजवळचे स्नायू मागं राहतात आणि खांदे पुढं ओढले जातात. असा खांदा घेऊन तासाला शेकडो वेळा हात डोक्यावरून फिरवला की आतला स्नायू हाडाखाली घासतो. तुमचा हात अंगठा खाली करून पाण्यात शिरतो का आणि मधली रेघ ओलांडतो का, हे कुणाला तरी समोरून मोबाइलवर टिपायला सांगा. बोटं आधी, तळवा सपाट, खांद्याच्या रेषेत. अंग दोन्ही कुशींवर सारखं वळलं पाहिजे. फक्त उजवीकडूनच श्वास घेत असाल तर डावीकडूनही सुरू करा. घरी रबरी पट्टा खिडकीच्या गजाला बांधून मागं ओढायचे व्यायाम करा, फरे एकमेकांकडं आणत.

सरावानंतर अंग ठणकणं वेगळं. पण रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल, किंवा हात डोक्यावर नेताना कळ येत असेल तर पोहणं थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. तालमीत अंग चोळून हे जाणार नाही.


प्रश्न : पावसाळ्यात तलावात कंटाळा येतो. पंचगंगेत सराव केला तर उघड्या पाण्याची सवय होईल असं ग्रुपमध्ये ठरतंय. तुमचं मत?

उत्तर : नाही. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे आपल्याकडं पोरालाही पाठ असतं. पण त्याचा अर्थ ३८ फुटांना पोहायचं असा नाही. गढूळ पाण्यात वाहत येणारं लाकूड दिसत नाही, बंधाऱ्याखालचा भोवरा वरून शांत दिसतो, आणि अंगावर जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिसची भीती वेगळीच. पुलावरून उड्या मारणारी पोरं बघून मोह होतो. ती गोष्ट तुमच्या सरावाची नाही.

पावसाळा तलावातच काढा, पण सराव बदला. पाणी रिकामं असताना सहा हात डोळे मिटून मारा आणि उघडून बघा किती वाकडे गेलात. एका लेनमध्ये चौघं एकदम सुटा म्हणजे अंगाला अंग लागायची सवय होईल. काठाला न टेकता अलीकडूनच वळा, भिंतीचा आयता धक्का मिळत नाही तेव्हा खरा वेग कळतो. पाऊस सरला, पाणी निवळलं की जिथं परवानगी आहे तिथं, गटानं, होडी आणि जीवरक्षक बरोबर घेऊन, कमरेला नारिंगी फुगा बांधून उतरा. राजाराम तलावात ट्रायथलॉनचं पोहणं झालेलं आहे. ते अशाच बंदोबस्तात होतं.


प्रश्न : कागलहून लिहितोय. पुढच्या महिन्यात गोव्यात पहिली शर्यत. आदल्या दिवशी आणि सकाळी काय खाऊ? आणखी काय सांभाळू?

उत्तर : नेहमीचंच खा. आदल्या रात्री किनाऱ्यावरचं नवं काही चाखू नका, मसालेदार रस्सा तर नकोच. ते सगळं शर्यतीनंतर. सकाळी दोन-तीन तास आधी पोहे, केळी किंवा मऊ भात, जे तुमच्या सरावाच्या दिवशी पोटाला मानवलं असेल ते.

शर्यतीच्या मिरामार किनाऱ्याचं पाणी गरम असतं, वेटसूटच्या (अंग गरम ठेवणाऱ्या रबरी सूटच्या) मागं लागू नका. खाऱ्या पाण्यात मान आणि काख सोलवटते, तिथं व्हॅसलीन लावा, पण गॉगलला हात लावण्याआधी बोटं पुसा. खाऱ्या पाण्यात अंग जास्त तरंगतं, त्यामुळं तलावापेक्षा सोपं वाटेल आणि सुरुवातीला वेग वाढेल; पहिली पाच मिनिटं मुद्दाम आवरा. शेवटच्या शंभर मीटरला पाय थोडे जास्त मारा, म्हणजे उभं राहताना डोकं हलकं होत नाही. नवा गॉगल शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा चढवू नका. दोन आठवडे आधी घ्या, त्यातच सराव करा, आणि जुना पिशवीत ठेवा.